हाताखालची विद्या : परळच्या प्रयोगशाळा आणि संशोधन-मार्गदर्शकाची घडण

चिंचपोकळी स्थानकाच्या दक्षिणेस भायखळा, उत्तरेस करी रोड आणि त्यापलीकडे परळ. अवघ्या काही किलोमीटरांच्या या पट्ट्यात मुंबईच्या दोन विद्या शेजारी शेजारी वाढल्या. एक कापडगिरणीची, दुसरी प्रयोगशाळेची. त्यांचे इतिहास सामान्यतः वेगवेगळे लिहिले जातात. तथापि एका प्रश्नापुरते ते एकत्र वाचणे उद्बोधक ठरते. ज्यास एखादे काम उत्तम येते त्यास ते दुसऱ्यास शिकविताही येते, असे गृहीत धरावे काय?

मराठीत शिकणे हे पुष्कळदा 'हाताखाली' होते. अमक्याच्या हाताखाली तयार झाला, असे आपण म्हणतो. या एका शब्दात दोन अर्थ नांदतात : जवळ राहून विद्या घेणे आणि दुसऱ्याच्या सत्तेखाली असणे. गिरणीतील जॉबर हे या द्वयर्थाचे ठळक उदाहरण होय. खात्यातील कामावर देखरेख तोच करी, नवख्यास यंत्रापाशी उभा तोच करी, आणि दाराशी जमलेल्या बदली कामगारांपैकी आज कोणास आत घ्यावयाचे हेही बव्हंशी तोच ठरवी. शिकविणारा आणि पोट हाती असणारा एकच असल्यामुळे लाचलुचपतीस आणि वशिल्यास वाव मिळाला. अखेर १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघास बदली-नियंत्रणाची पद्धत आणून जॉबरच्या या अधिकारास मर्यादा घालावी लागली. तंत्रशिक्षणाचा निराळा प्रयत्न त्यापूर्वीच सुरू झाला होता. १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था माटुंग्यास जाण्यापूर्वी भायखळ्यासच होती.

प्रयोगशाळेचा इतिहासही भायखळ्यापासून सुरू होतो. वाल्देमार हाफकिन हे ओदेसा येथे मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम जागा मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. परंतु प्रयोगशाळेच्या सान्निध्यात राहूनच ते जंतुशास्त्रज्ञ झाले. ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत ते मुंबईस आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. तीच १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

लस करण्याची रीत कागदावर उतरविता येते. हाताची शिस्त मात्र तशी उतरत नाही, याचा दारुण प्रत्यय १९०२ मध्ये आला. पंजाबातील मुल्कोवाल या गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे उजेडात आलेल्या साक्षीप्रमाणे बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. या घटनेचा विचार न्यायाच्या दृष्टीने पुष्कळ झाला आहे. शिक्षणाच्या दृष्टीने तो क्वचितच झाला. परळमधील ज्ञान निर्दोष होते. ते दूरच्या गावातील शेवटच्या हातापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था तितकी निर्दोष नव्हती.

परळच्याच भूमीत यानंतरच्या पिढीत एक वेगळे उदाहरण घडले. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. रणदिवे मूळच्या वनस्पतिशास्त्राकडील. सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून त्या कर्करोगाकडे वळलेल्या. म्हणजे शिष्या ही गुरूची प्रतिकृती नव्हती. पदवीनंतर खानोलकरांनी त्यांना अमेरिकेतील शिष्यवृत्तीसाठी प्रोत्साहन दिले. बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. परत आल्यावर खानोलकरांनी परळ येथे उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन केली, आणि १९६६ ते १९७० या काळात संस्थेची धुराही वाहिली.

या क्रमात मार्गदर्शनाची तीन कामे स्पष्ट दिसतात : भिन्न शाखेच्या विद्यार्थ्यास आत घेणे, नवे तंत्र शिकण्यासाठी त्यास दुसऱ्याच्या हाती सोपविणे, आणि परतल्यावर त्याचे स्वतंत्र क्षेत्र मान्य करणे. जॉबरच्या हाताखालून माणूस सहसा सुटत नसे. येथे हात योग्य वेळी काढून घेतला गेला. रणदिवे यांनी हे ऋण पुढे नेले. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटनेच्या संस्थापकांत त्या अग्रभागी होत्या. एका गुरूच्या औदार्यावर जे अवलंबून होते त्यास संघटनेचा आधार देण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हणता येईल.

मात्र औदार्य हा नियम नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएच.डी.विषयक विनियम मार्गदर्शकाची पात्रता पदवी आणि प्रकाशित शोधनिबंध यांवरून ठरवितात. प्राध्यापकास ८, सहयोगी प्राध्यापकास ६ आणि साहाय्यक प्राध्यापकास ४ विद्यार्थ्यांची मर्यादा घालतात. संशोधक विद्यार्थ्याने अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यावे, असेही ते सांगतात. त्याच्या मार्गदर्शकाने मार्गदर्शनाचे प्रशिक्षण घ्यावे, अशी अट मात्र त्यांत नाही. उत्तम विणकर तोच उत्तम जॉबर, ही गिरणीची जुनी समजूत येथे वेष बदलून टिकली आहे.

असे प्रशिक्षण शक्य आहे काय? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील जो हँडल्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्यासाठी एक अभ्यासक्रम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढे त्याच परंपरेतील ८ तासांच्या प्रशिक्षणाची १६ संस्थांतील २८३ गुरुशिष्यांच्या जोड्यांवर रीतसर तुलनात्मक परीक्षा झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रशिक्षित मार्गदर्शकांनी आपल्या कौशल्यात अप्रशिक्षितांहून अधिक सुधारणा नोंदविली. तेथील विषय साधेच आहेत : परस्परांच्या अपेक्षा आरंभीच बोलून घेणे, विद्यार्थ्यास किती समजले हे पडताळणे, आणि त्याचे स्वातंत्र्य क्रमाक्रमाने वाढविणे. यांतील अखेरचे सूत्र परळच्या अभ्यासकास अपरिचित वाटणार नाही.

आठ तासांत खानोलकर घडत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. परंतु तो अपुरा आहे. विद्यापीठांना प्रत्येक विभागात खानोलकर मिळणार नाहीत, म्हणूनच प्रशिक्षणाची आवश्यकता आहे. गिरणीने आपल्या जॉबरच्या सत्तेचा हिशेब १९३५ मध्ये मागितला. विद्यापीठांनी मार्गदर्शकाकडून शोधनिबंधांची संख्या मागितली आहे. त्याच्या हाताखालून किती जण स्वतंत्र होऊन बाहेर पडले, हे विचारणे अद्याप बाकी आहे.