तळ नसलेलं बूच

मी मूळचा कर्जतचा. आमच्याकडे पडकी विहीर बुजवायची तर दगडमाती टाकायची. ती कुठंतरी तळाला टेकतेच. नोकरी मात्र केली ती तेलविहिरींवर सिमेंट उतरवण्याची. तिथं टेकायला तळच नसतो.

खोपोलीचा घाट चढताना दिसणारा काळा कातळ पश्चिमेला समुद्राखालीही पसरला आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, त्या खोल खडकाच्या वर साचलेल्या चुनखडीत १९७४ साली ‘सागर सम्राट’ रिगला तेल लागलं. तेच मुंबई हाय.

तेलविहीर कायमची सोडताना तिच्यात ठरावीक खोलीवर सिमेंटचं बूच मारतात. ते फसलं, तर तेल आणि वायू वाट काढत वर येतात. १९०३ साली कॅलिफोर्नियात लोम्पोक इथं फ्रँक हिल यांनी विहिरीत शिरणारं पाणी अडवायला पन्नास पोती सिमेंट कालवून सोडलं आणि अठ्ठावीस दिवस वाट पाहिली. ते तळाशी बसलं, म्हणून साधलं. पण बूच हवं असतं मधेच, आणि खाली असतो पातळ चिखल. चिखल पाण्याच्या सव्वापट जड, तर कालवलेलं सिमेंट जवळजवळ दुप्पट! मग सिमेंट खाली घसरतं, चिखल त्यातून वर चढतो.

घरी करून पाहा. पाण्यात काकवी ओता, ती थेट तळाला जाईल. तीच घट्ट खळीवर अलगद ओता, वरच थबकेल.

एका विहिरीवर आम्ही हाच धडा शिकलो. दुसऱ्या दिवशी पाइप उतरवला, तर सिमेंट जागेवर नाहीच! पाइप आपला खालीच चाललेला. वरिष्ठांचं बोलणं खाल्लं ते वेगळंच.

उपाय तोवर छापून आला होता. १९८४ साली काही अमेरिकी अभियंत्यांनी दाखवून दिलं होतं, की आधी खाली बेंटोनाइटची घट्ट लापशी भरावी. ही माती आपल्याकडे कच्छात मिळते. शिवाय पाइपाचं तोंड खालून बंद ठेवून बाजूच्या भोकांतून सिमेंट सोडावं, म्हणजे त्याचा झोत खालच्या लापशीला फाडत नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही तसंच केलं. लापशी भरली, पाइप तिच्या वर घेतला. चिखल आणि सिमेंट एकमेकांत मिसळू नयेत म्हणून सिमेंटच्या पुढेमागे वेगळा द्रव सोडला. पाइपाच्या आत-बाहेर सिमेंटची उंची सारखी झाल्यावर पाइप अगदी हळू ओढून घेतला. रात्रभर कुणी फारसं बोललं नाही. सकाळी पाइप उतरवला. हिशेबातल्या खोलीवर तो टेकला, वजन टाकलं तरी हलेना.