यंत्राची हांक

मालवणच्या बंदरावर वादळाची सूचना बावट्यानें मिळे आणि गांवांत सरकारी हुकूम दवंडीनें कळे. अशी हांक क्वचितच येई. म्हणून ती आली कीं लोक हातचें काम टाकून ऐकत. टेलिफोन आल्यावर हांकेची ही पत कितपत टिकली, हा इतिहास विचार करण्याजोगा आहे.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ सालीं टेलिफोनचीं केंद्रें उघडलीं. त्या काळीं तारा जोडण्याचें काम माणसाच्या हातीं असे. अमेरिकेंत प्रेतसंस्काराचा धंदा करणाऱ्या आल्मन स्ट्रोजर या गृहस्थाला ही मध्यस्थी जाचली. जोडणारी बाई आपलें गिऱ्हाईक प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला, अशी आख्यायिका आहे. त्यानें १८९१ सालीं आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें. भारतांत लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान ग्राहकाला स्वतः क्रमांक फिरवून बोलतां येऊं लागलें, तें १९६० सालीं.

येथवर यंत्र हांक मारणाऱ्याचें सेवक होतें; पुढें तेंच हांका मारूं लागलें. २००४ सालच्या लोकसभा निवडणुकींत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज असंख्य घरांत टेलिफोनवर ऐकूं आला. व्यापारी कचेऱ्यांतील यंत्र यादींतील अनेक क्रमांक एकदम फिरवितें आणि कर्मचारी केव्हां मोकळा होईल याचा अंदाज बांधतें. अंदाज चुकला कीं फोन उचलणाऱ्याच्या कानीं नुसती शांतता येते. असे मूक फोन उचललेल्या शंभरांत तिहींहून अधिक नसावेत, असें बंधन अमेरिकेनें २००३ सालीं घातलें. भारतांत असे फोन नको असणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ सालीं सुरू झाली. २०१० व २०१८ सालीं नवे नियम झाले.

तेव्हां यंत्र निवडणाऱ्यानें केवळ वेग पाहूं नये. कर्मचारी मोकळा झाल्यावरच पुढील क्रमांक फिरविणारें यंत्र मंद खरें, परंतु तें कोणास मूक फोन करीत नाहीं. नकार देणाऱ्यांचे क्रमांक तें वगळतें कीं नाहीं, हेंही पाहावें.

मे २०२१ मध्यें तौक्ते चक्रीवादळानें सिंधुदुर्गचा किनारा झोडपला. वारा व लाटा यांचे अंदाज मच्छीमारांना ध्वनिमुद्रित फोनवरूनही कळविण्याचे उपक्रम झालेले आहेत. परंतु नकोशा फोनांना विटलेला माणूस अनोळखी क्रमांक उचलीतच नाहीं. दवंडीवाल्यानें रोज दारोदार साबण विकला असता, तर हुकुमाच्या दिवशीं त्याची थाप ऐकून कोणी दार उघडलें असतें?