एक नंबरला कोण?

चैत्राच्या यात्रांना महिना उरला की खानापूर, कडेगाव, पलूस, खटाव या तालुक्यांतल्या पारांवर उसाचा दर आणि पाऊसपाणी मागं पडायचं. विषय एकच: यंदा मैदानात एक नंबरची कुस्ती कुणाची? कोल्हापूरचा अमका ठरला, पंजाबचा तमका येतोय, या गावानं त्याला इसार दिला होता पण त्या गावानं जास्त मोजले म्हणून तो तिकडं फिरला. यातलं निम्मं खरं नसायचं, आणि ते नाही हे सगळ्यांना ठाऊकही असायचं. तरी बोलणं थांबत नसे.

मी विट्यात छापखाना चालवला. कुस्ती मैदानांची पत्रकं हे आमचं हंगामी काम, लग्नपत्रिकांच्या बरोबरीनं येणारं. त्यामुळं गावोगावच्या जोडी आम्हाला आधी कळत, आणि त्या आमच्याकडून काढून घ्यायला माणसं काय काय युक्त्या करतात तेही बघायला मिळे.

मैदानी कुस्तीत जोड दोन तऱ्हेनं लागते. खालच्या कुस्त्या जागेवर जोडतात. दुपारी बारकी पोरं रेवड्यांवर खेळतात, मग नारळावर, मग फेटा आणि रोख इनामावर. हलगी वाजत असते, पैलवान हात वर करून मैदानाला फेरी मारतो, जोड मागतो. कमिटीतला एखादा जाणता दोघांना शेजारी उभं करतो, खांद्याला खांदा लावून बघतो, मनगट चाचपतो, कुठली तालीम, किती वर्षं, असं विचारतो आणि हात हातात देतो. वजनकाटा नाही, कागद नाही. वरच्या पाच-सात कुस्त्या मात्र आधी नेमाव्या लागतात, कारण त्यांचं इनाम मोठं आणि त्यांच्याच नावावर लोक येणार. सगळ्या आवया उठायच्या त्या या वरच्या जोडींच्या.

जोड काटा असेल तर माणूस कोसभर चालत येतो. एकतर्फी असेल तर घरी वैरण कापत बसतो. हे कमिटीला पक्कं माहीत. म्हणून पत्रक छापायच्या आधी कमिटीच एखादी पुडी सोडायची. बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात दोन नावं हळूच टाकायची आणि पुढच्या बाजारापर्यंत काय उलट येतं ते ऐकायचं. "त्यात काय बघायचंय, तो त्येला दोन मिनटात दाबंल," असं चार ठिकाणी ऐकू आलं की जोड बदलायची. लोक खूश झाले तर वर्गणीचा आकडा वाढवायचा. मी तर म्हणेन, पत्रकाचं पहिलं प्रूफ पारावरच तपासलं जायचं.

वस्तादही या खेळात तयार. आपल्या पठ्ठ्याचं नाव दोन गावांत एकदम फिरू दिलं की इनाम वाढतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. पैलवानाचा गुडघा दुखावलाय अशी बातमी कधी खरी असे, कधी समोरच्याला गाफील ठेवायला पेरलेली. हरल्यावर पुढच्या हंगामाचा भाव पडतो, म्हणून काही जण काही जणांशी लढायचंच टाळत. मग "तो त्येच्या वाऱ्याला उभा ऱ्हाईना" हे वर्षभर चघळायला पुरे. आणि नुरा कुस्तीची भीती कायम. दोघांनी आधी आतून मिटवलंय, अर्धा तास खडाखडी करून बरोबरीत सोडवणार, अशी कुजबुज एकदा उठली की कमिटीला पत्रकात 'निकाली' हा शब्द ठळक टाईपात घालावा लागे. लोकांच्या जिभेचा हा वचक नसता तर नुरा कुस्त्या कितीतरी जास्त झाल्या असत्या, असं माझं ठाम मत आहे.

आता छापखान्याचं. पैलवानांच्या फोटोंचे जस्ताचे ब्लॉक आमच्याकडं ज्याच्या त्याच्या खणात ठेवलेले असत. जुन्या पैलवानाचा ब्लॉक तयारच असे. नवा पैलवान आला की कोल्हापूरहून ब्लॉक करून आणावा लागे. एसटीच्या पार्सलातून लहानसा पुडका आला की स्टँडवरच्या हमालापासून चर्चा सुरू: "नवा गडी हाय." मग गिऱ्हाईक नसलेली माणसं आत यायची. "आण्णा, जरा पेपर बघू," म्हणायचं आणि डोळा मशीनवर. एक निवृत्त मास्तर होते, त्यांना खिळ्यांची उलटी अक्षरं सरळ वाचल्यासारखी वाचता यायची. ते आले की आमचा कंपोझिटर जुळवलेल्या मजकुरावर जुना पेपर पसरायचा. मास्तर हसायचे आणि ब्लॉकच्या खणांकडं वळायचे.

"येक नंबरला कोण तेवढं सांगा की, आण्णा. कुणाला सांगत न्हाई."

"पत्रक निघंल तवा कळंल, तात्या."

"मग रिकामा खण कुनाचा हाय तेवढं तरी!"

बातम्या आणणाऱ्यांत आमच्या भागातले गलाई बांधव सगळ्यांत पुढं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं बाहेर काढलेली ही माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. केरळापासून पंजाबापर्यंत कुठल्याही सराफ पेठेत आमच्याकडचा माणूस सापडतो. यात्रेला ती गावी येतात, मोठी इनामं तीच लावतात. उत्तरेत राहणारा गलाईवाला तिकडच्या आखाड्यात एखादा पैलवान बघायचा आणि गावी कळवायचा की याला आणतो, भाडं माझं. मग त्या न पाहिलेल्या पैलवानाची उंची दर आठवड्याला चार बोटं वाढायची. प्रत्यक्षात मैदानात उतरला की बिचारा साधा माणूस निघे.

दुसरी वाट कोल्हापूरची. राजर्षी शाहूंनी आपल्या कारकिर्दीत, १८९४ ते १९२२, उत्तरेचे मल्ल आणून सांभाळले, तालमींना आधार दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. तेव्हापासून सातारा-सांगलीच्या पोरांची पंढरी कोल्हापूर. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत आमच्या गावांची पोरं राहायची आणि त्यांचा खुराक घरून जायचा. तूप-बदामाचे डबे पोचवायला गेलेला बाप परतताना बातमी घेऊन यायचा: कोण तयारीत आहे, कोण आजारी, कुणाचा ढाक बसायला लागलाय, कोण नुसताच फुगलाय. ही बातमी पारावरच्या बाकी बातम्यांपेक्षा खरी धरत, कारण ती आणणाऱ्याची म्हैस त्या तालमीपायी आटलेली असे.

हे सगळं सातारा आणि सांगली असं वेगळं सांगता येत नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता. त्या साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. कचेऱ्या वेगळ्या झाल्या, मैदानं नाही झाली. औंधच्या यमाईच्या यात्रेतली जोड विट्यात ठरे, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत पलूसचे पैलवान उतरत, आणि कुंडलच्या मैदानाला तर दोन्ही जिल्हे लोटत. कुंडल म्हणजे प्रतिसरकारचं, तुफान सेनेचं गाव. तालमीत घुमलेली पोरंच बेचाळीसनंतर त्या लढ्यात गेली, त्यामुळं त्या मातीला आमच्याकडं नुसत्या खेळाची माती कुणी समजत नाही.

निवडीची सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र गावच्या मैदानातली नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले होते. १९५२ साली हेलसिंकीला कोण जाणार हे ठरायची वेळ आली तेव्हा निवड कुस्तीत निकाल निरंजन दास यांच्या बाजूनं गेला. गुण धरण्यात अन्याय झाला म्हणून खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि त्यांनी ती जिंकली. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ही हकिकत असायची ती पुराव्यासारखी: वरचे लोक नाव खोडतात, बोंब मारल्याशिवाय परत लिहीत नाहीत. नाव आलं तरी पैसा नव्हता. कराड भागात वर्गणी फिरली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर त्यांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, त्या पैशातून खर्डेकरांचं देणं फेडलं. मला मिरवणुकीपेक्षा हे देणं फेडणं मोठं वाटतं.

पुढं कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदकं घेतली, १९६४ साली ते हिंदकेसरी झाले. असं नाव पत्रकावर असलं की अंदाज करणाऱ्यांचा अर्धा उत्साह समोर कोण यावरच खर्च होई, कारण समोर उभा करायला माणूस शोधणं हेच कमिटीचं खरं काम.

महाराष्ट्र केसरी १९६१ पासून सुरू झाली. औरंगाबादला झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेत किताब घेतला तो कृष्णाकाठच्या दह्यारीच्या दिनकर दह्यारींनी. स्पर्धेत वजनकाटा आला, गुण आले, आणि जोड चिठ्ठीवर ठरू लागली. कमिटीच्या हातातून जोड गेली तशी पारावरच्या लोकांच्या हातूनही गेली. मग बोलणं वेगळ्या वाटेनं निघालं: कोण कुणाला कुठल्या फेरीत भेटणार, माती गटातून कोण वर येणार, मॅट गटातून कोण. भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ अशी दोन वर्षं ओळीनं किताब घेतला तेव्हा आमच्या तालुक्यात हे गणित शाळेतल्या पोरांना पाठ होतं. त्याच चंद्रहारांना २०२४ च्या लोकसभेला सांगलीतून तिकीट मिळालं, तेव्हा तिकिटाची ही जोड कुणी लावली यावर झालेली चर्चा कुठल्याही यात्रेपेक्षा लांबली. निवडून आले ते अपक्ष विशाल पाटील.

कोण निवडला जाणार याचे अंदाज बांधायचं वेड फक्त आमच्याकडंच नाही. माझा पुतण्या फिलाडेल्फियात असतो. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघांचा दर वर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, म्हणजे कॉलेजातली नवी पोरं पाळीपाळीनं निवडून घ्यायची. त्याआधी कित्येक महिने कुठला संघ कुणाला उचलणार याच्या याद्या निघतात. पहिला ड्राफ्ट १९३६ साली याच्याच शहरात झाला. सगळ्यांत पहिलं नाव पुकारलं गेलं जे बर्वँगर याचं, आणि तो गडी व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही! इसार घेऊन मैदानात न आलेले पैलवान मी पाहिलेत, त्यामुळं मला यात परकं काही वाटलं नाही. वेगळं वाटलं ते एवढंच की तिकडं आदल्या वर्षी सगळ्यांत खाली राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. आमच्याकडं ज्या गावची वर्गणी मोठी त्याची निवड पहिली. गरीब गावाला उरलेला पैलवान.

संघ बांधून कुस्ती खेळायचा प्रयोग आपल्याकडंही झाला. २०१८ च्या महाराष्ट्र कुस्ती दंगलमध्ये सहा संघ होते. त्यांत एक 'यशवंत सातारा', तर 'कोल्हापुरी मावळे' या संघाच्या मालकीण सांगलीच्या सई ताम्हणकर. लिलावाची भाषा तोवर लोकांना प्रो कबड्डीनं शिकवली होती; कासेगावच्या काशिलिंग आडकेला यंदा कोण घेणार हा वाळवा तालुक्यात घरचा प्रश्न असायचा. १३ फेब्रुवारी २०२३ ला महिला क्रिकेटच्या पहिल्या लिलावात पहिलंच नाव निघालं ते माधवनगरला वाढलेल्या स्मृती मानधनाचं. मुंबई आणि बंगळूर यांच्यात चढाओढ लागली आणि ३ कोटी ४० लाखांवर बंगळूरनं तिला घेतलं. दीड महिन्याच्या आत सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. मुलींच्या जोडींबद्दल पारावर बोलताना जुनी माणसं आधी जरा अडखळली, पण कुस्ती बघितल्यावर डावांवर बोलू लागली.

आता पत्रक संगणकावर तासाभरात तयार होतं आणि फ्लेक्स लागायच्या आत मोबाइलवर गावभर फिरतं. खोटी पत्रकंही फिरतात. दोन फोटो शेजारी चिकटवले की झालं. पूर्वी आवई उठवायला निदान चहाचे पैसे घालवावे लागत.

एक विनंती आहे. जुन्या पत्रकांवर जोड असते, निकाल नसतो. निकाल म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे आणि ती माणसं एकेक करून जात आहेत. ज्यांच्या ट्रंकेत, तालमीच्या फळीवर, आजोबांच्या वहीत अशी पत्रकं असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. घरातल्या जाणत्याला विचारून पाठीमागं पेन्सिलीनं लिहा: कोण जिंकला, कुठल्या डावावर, किती वेळात, की बरोबरीत सुटली. मग ते गावच्या वाचनालयात द्या. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची पुस्तकं भिजून गेली ती आपण पाहिली आहेत, तेव्हा देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.