घरगुती सागरी मत्स्यालयाचा इतिहास : बुटक्या समुद्रघोड्याच्या संगोपनाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मानव आणि प्राणी यांच्या परस्परसंबंधांचा विचार इतिहासलेखनात प्रामुख्याने शेती, शिकार, युद्ध आणि वाहतूक या अंगांनी झालेला आहे. घोडा, हत्ती, बैल, उंट यांना त्यामुळे इतिहासाच्या पानांत स्थान मिळाले. छंद म्हणून घरात पाळल्या गेलेल्या लहान जीवांकडे मात्र अभ्यासकांचे त्या मानाने कमी लक्ष गेले. वास्तविक अशा जीवांच्या संगोपनात विज्ञान, बाजारपेठ, घरातील श्रम आणि कायदा या चारही गोष्टी एकत्र येतात. म्हणूनच हा विषय सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकास उपयुक्त ठरतो.

प्रस्तुत लेखात अशाच एका अतिशय लहान आणि नाजूक माशाचा विचार केला आहे. फ्लोरिडा, मेक्सिकोचे आखात आणि बहामा बेटे यांच्या उथळ किनाऱ्यांवर सागरी गवतात राहणारा हा बुटका समुद्रघोडा होय. जॉर्डन आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी १८८२ मध्ये त्याचे वर्णन करून त्यास हिप्पोकॅम्पस झोस्टेरी असे नाव दिले. ‘झोस्टेरा’ हे एका सागरी गवताचे नाव असून त्यावरून हे नाव आले आहे. या माशाची सर्वसाधारण उंची दोन ते अडीच सेंटीमीटर, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याच्या व्यासाएवढी असते. त्याचे निसर्गातील आयुष्य जेमतेम एका वर्षाच्या आसपास असते.

लेखाची उद्दिष्टे

१) घरात समुद्राचे पाणी टिकवण्याच्या प्रयत्नांचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२) बुटक्या समुद्रघोड्याची विक्री आणि त्याच्या संगोपनाचे ज्ञान यांतील अंतर स्पष्ट करणे.
३) या व्यापारावर आलेल्या कायदेशीर नियंत्रणाचे स्वरूप व मर्यादा तपासणे.

या मांडणीसाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

एकोणिसाव्या शतकातील पार्श्वभूमी

सागरी जीव काचेच्या पात्रात ठेवून त्यांचे निरीक्षण करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ जान व्हिलप्रो-पॉवर यांनी १८३२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे आर्गोनॉट या जीवाच्या अभ्यासासाठी काचेची टाकी वापरली. इंग्लंडमध्ये ॲना थाइन यांनी १८४६ मध्ये टॉर्की येथून प्रवाळ लंडनला आणले आणि घरात जिवंत ठेवले. पाण्यात प्राणवायू मिसळावा यासाठी ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतले जाई. हे काम घरातील मोलकरीण करीत असे. इतिहासात नाव राहिले ते थाइन यांचे. परंतु प्रवाळ जगले त्यात त्या मोलकरणीच्या रोजच्या श्रमाचा वाटा मोठा होता. घरगुती सागरी मत्स्यालय हे आरंभापासूनच नित्याच्या, कंटाळवाण्या कष्टावर उभे होते, हे या उदाहरणावरून दिसते.

ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरील कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडलेल्या प्रयोगातून वनस्पती व प्राणी एकाच पात्रात परस्परांना कसे तारतात हे दाखवले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यगृह खुले झाले. पाठोपाठ १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मध्यमवर्गीय घरांत सागरी टाक्यांची लाट आली. या लाटेचा परिणाम किनाऱ्यावर झाला. संग्राहकांच्या गर्दीने खडकांमधील पाण्याची डबकी ओस पडू लागली. गॉस यांचे पुत्र एडमंड गॉस यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात या नाशाबद्दल खेद व्यक्त केला असून वडिलांच्या ग्रंथांचाही त्याला हातभार लागल्याचे सूचित केले आहे. छंदाने निर्माण केलेल्या जिज्ञासेनेच त्या जिज्ञासेच्या विषयाला धक्का लावावा, हा विरोधाभास पुढील शतकातही पुन्हा दिसतो.

पाण्याचे न दिसणारे रसायन

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना समुद्राचे पाणी कोठून मिळणार, हा पहिला प्रश्न होता. गॉस यांनी १८५४ मध्येच क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृती दिली होती. मात्र पाणी खारट असणे म्हणजे ते जीवनास योग्य असणे नव्हे. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो व तो त्यांनाच मारक ठरतो. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागला. पण टाकीतील वाळू ही या जिवाणूंची वसाहत आहे आणि ती स्थिर होण्यास काही आठवडे लागतात, ही समज घरगुती छंदात रुजायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मत्स्यालयात यावर वेगळा तोडगा काढला होता. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा पाणीसाठा त्यांनी जमिनीखाली अंधारात ठेवला आणि ते पाणी सतत फिरते ठेवले. जितके पाणी अधिक तितके त्यातील बदल मंद, हे यामागील साधे तत्त्व होते. सार्वजनिक संस्थेला हे परवडत होते; घरातील टेबलावरच्या टाकीला ते शक्य नव्हते. शिवाय धातूच्या चौकटीच्या टाक्या खाऱ्या पाण्याने गंजत आणि गंजलेल्या धातूचा अंश पाण्यात उतरे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सिलिकोनने जोडलेल्या संपूर्ण काचेच्या टाक्या व तयार सागरी मीठ बाजारात आल्यावर हे अडथळे दूर झाले.

टपालाने आलेला मासा

याच सुमारास अमेरिकेत बुटक्या समुद्रघोड्याचा व्यापार वाढला. विसाव्या शतकाच्या पन्नाशी-साठीच्या दशकांत तेथील चित्रकथांच्या मासिकांत जिवंत समुद्रघोड्यांच्या जाहिराती येत. काही डॉलर पाठवले की फ्लोरिडाहून पॉलिथिनच्या पिशवीत मासा घरी येत असे. त्याच्याबरोबर मीठ आणि अन्नासाठी आर्टेमियाची अंडी देणारे विक्रेतेही होते. ग्राहक बहुधा शाळकरी मुले असत. मासा लहान म्हणजे त्याची देखभालही लहान, असा समज त्यामागे होता. वास्तव नेमके उलट होते.

समुद्रघोड्याला जठर नसते व दातही नसतात. नळीसारख्या तोंडाने तो भक्ष्य ओढून घेतो आणि ते झपाट्याने पचनमार्गातून पुढे जाते. म्हणून त्याला दिवसभर थोडे थोडे खावे लागते. तो मंद पोहणारा आहे. शेपटीने गवताला धरून राहतो व भक्ष्य जवळ येण्याची वाट पाहतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की त्याच्या डोक्याच्या विशिष्ट आकारामुळे तोंडापुढील पाणी जवळजवळ हलत नाही आणि शांत पाण्यात कोपेपॉडसारखे चपळ भक्ष्यही तो दहापैकी सुमारे नऊ वेळा पकडतो. थोडक्यात, हा दुबळा मासा नाही. शांत पाणी आणि जिवंत अन्न यांच्याशी त्याचे जीवन घट्ट बांधलेले आहे. त्या दोहोंपैकी एकाचाही अभाव झाला तर टपालाने आलेला मासा काही दिवसांतच उपासमारीने मरे.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. या माशाविषयीचे ज्ञान त्या काळी अजिबात नव्हते असे नाही. कर्क स्ट्रॉन यांनी फ्लोरिडातील सीडर की येथे केलेला त्याच्या जीवनक्रमाचा अभ्यास १९५८ मध्ये ‘कोपेया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत चालणारा विणीचा हंगाम, नराच्या पोटावरील पिशवीत उन्हाळ्यात सुमारे दहा दिवस चालणारी अंड्यांची वाढ, हे सारे त्यात आले होते. परंतु शोधनियतकालिकाचा वाचक आणि चित्रकथेचा वाचक हे भिन्न होते. मासा ज्या वेगाने घराघरांत पोहोचला, त्या वेगाने ज्ञान पोहोचले नाही.

अन्नाचा प्रश्न आणि आर्टेमिया

बुटक्या समुद्रघोड्याचे घरगुती संगोपन ज्या एका जीवामुळे शक्य झाले तो म्हणजे आर्टेमिया. मिठागरांत आणि खाऱ्या सरोवरांत आढळणाऱ्या या कवचधारी जीवाची सुप्त अंडी कोरडी ठेवल्यास दीर्घकाळ टिकतात आणि खाऱ्या पाण्यात साधारण एक ते दीड दिवसात उबतात. ही ताजी पिल्ले माशांसाठी उत्तम अन्न आहेत, हे सॅन फ्रान्सिस्को येथील आल्विन सील यांनी १९३३ मध्ये आणि नॉर्वेचे गुन्नार रोलेफसेन यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले. गमतीचा भाग असा, की हाच जीव १९६० नंतर अमेरिकेत ‘सी-मंकी’ या नावाने खेळणे म्हणूनही विकला गेला आणि त्याच्याही जाहिराती चित्रकथांच्याच मासिकांत झळकल्या.

नुकत्याच उबलेल्या पिल्लाची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. बुटक्या समुद्रघोड्याचे नवजात पिलू जन्मतःच ते खाऊ शकते आणि आधाराला शेपटी गुंडाळून राहू शकते. अनेक मोठ्या समुद्रघोड्यांची पिले मात्र आरंभी पृष्ठभागाजवळ तरंगत राहतात आणि त्यांना वाढवणे अवघड जाते. त्यामुळे आकाराने सर्वांत लहान असणाऱ्यांपैकी हा समुद्रघोडा घरात पिढ्यान्‌पिढ्या वाढवण्यास तुलनेने सुकर ठरला. तथापि पालकाला रोज अंडी उबवावी लागतात. उबल्यानंतर पिल्लांतील साठीव पोषण लवकर संपते, म्हणून ती ताजी असतानाच द्यावी लागतात किंवा त्यांना मेदाम्लयुक्त खाद्य देऊन पुन्हा पोषक बनवावे लागते. सुट्टी, आजारपण, परीक्षा यांपैकी काहीही या दिनक्रमाला मान्य नसते. थाइन यांच्या घरातील मोलकरणीचे काम येथे केवळ रूप बदलून आले, असे म्हणावे लागते.

लहान टाकीचा पेच

या माशासाठी टाकी मोठी असावी की लहान, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. मोठ्या टाकीत अन्न विखुरते आणि शोधत न फिरणाऱ्या माशाच्या तोंडापर्यंत ते येत नाही. म्हणून अनुभवी पालक दहा-वीस लिटरची टाकी पसंत करतात. परंतु इतक्या थोड्या पाण्यात अमोनिया लवकर साचतो आणि बाष्पीभवनाने क्षारता झपाट्याने वाढते. लॉइड यांचे तत्त्व येथे पालकाच्या विरुद्ध जाते. अन्नासाठी पाणी कमी हवे आणि स्थैर्यासाठी ते जास्त हवे, या पेचावर वारंवार व थोडे थोडे पाणी बदलणे एवढाच उपाय उरतो.

आणखी एक संकट अन्नामुळेच उद्भवते. भरपूर आर्टेमिया असलेल्या टाकीत हायड्रॉइड नावाचे डंख करणारे सूक्ष्म जीव फोफावतात आणि समुद्रघोड्याच्या पिलांना इजा करतात. त्यावर पशुवैद्यकातील फेनबेंडाझोल हे जंतनाशक उपयोगी पडते, ही माहिती या छंदाच्या जाणकारांत रूढ झाली. प्रयोगशाळेबाहेर, टेबलावरील टाक्यांच्या अनुभवातून असे व्यावहारिक ज्ञान साठत गेले, ही ज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे.

कायद्याचे नियंत्रण

समुद्रघोड्यांचा मोठा व्यापार वाळवलेल्या स्वरूपात, पारंपरिक चिनी औषधांसाठी होतो. जिवंत माशांचा व्यापार त्या तुलनेत लहान आहे. अमांडा व्हिन्सेंट यांच्या १९९६ मधील अहवालाने या व्यापाराचे जागतिक स्वरूप प्रथमच पुढे आणले. भारताने २००१ मध्ये समुद्रघोड्यांसह त्यांच्या संपूर्ण कुळाचा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये समावेश केला. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात आलेला समुद्रघोडा हौसेने घरी नेऊन पाळणे कायद्याने निषिद्ध आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर २००२ मध्ये सँटियागो येथील परिषदेत सर्व समुद्रघोड्यांचा साइट्स कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये समावेश झाला आणि तो मे २००४ पासून अमलात आला.

या करारानुसार निसर्गातून पकडलेल्या समुद्रघोड्यांच्या निर्यातीसाठी किमान दहा सेंटीमीटर उंचीची शिफारस करण्यात आली. पूर्ण वाढ होऊन एकदा तरी प्रजनन व्हावे, हा त्यामागील हेतू होय. परंतु अडीच सेंटीमीटरच्या माशाला हा निकष लागूच पडत नाही. तो कधीच दहा सेंटीमीटरचा होत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय करार देशांतर्गत विक्रीला लागू होत नाही आणि हा मासा पकडला व विकला जातो तो मुख्यतः अमेरिकेतच. २०१० मधील मेक्सिकोच्या आखातातील तेलगळतीनंतर त्यास संकटग्रस्त जातींच्या यादीत घ्यावे अशी याचिका २०११ मध्ये दाखल झाली. मात्र तशी आवश्यकता नाही, असा निर्णय तेथील शासनयंत्रणेने २०२० मध्ये दिला.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा, की घरगुती सागरी मत्स्यालयाची प्रगती केवळ उपकरणांमुळे झाली नाही. पाणी ओतणारे, अंडी उबवणारे, रोज टाकी स्वच्छ करणारे हात तिच्यामागे होते. दुसरा असा, की बुटक्या समुद्रघोड्याच्या बाबतीत ज्ञान उपलब्ध असूनही ते ग्राहकापर्यंत पोहोचले नाही आणि त्याची किंमत माशांनी मोजली. तिसरा निष्कर्ष कायद्यासंबंधी आहे. मोठ्या जातींना डोळ्यांपुढे ठेवून आखलेला निकष अतिशय लहान जातीला अपुरा पडतो.

गॉस यांच्या काळातील संग्राहक किनाऱ्यावरून जीव आणत आणि ते मेले की पुन्हा आणत. बुटका समुद्रघोडा टाकीतच जन्माला घालून वाढवता येतो, हे आज सिद्ध झाले आहे. जो पालक स्वतःच्या टाकीतील पिले वाढवतो, त्याला सागरी गवतातून नवा मासा उचलावा लागत नाही. संग्रहाकडून संगोपनाकडे झालेला हा प्रवास लहान आहे, आणि तो प्रत्येक घरात रोजच्या ताज्या अन्नापासून नव्याने सुरू करावा लागतो.