खळ्यावरचे रिंगण आणि रंगमंचाची चौकट

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक महोत्सवात लोकनृत्यासाठी तारपा निवडला गेला. मराठीचा अध्यापक म्हणून त्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मुलेमुली डोंबिवली-कल्याणची होती. वादक मात्र जव्हारच्या बाजूने बोलावलेला होता. साठीच्या पुढचा, मितभाषी माणूस. रंगीत तालमीत त्याने मंच पाहिला आणि विचारले, “मी कुठं उभा राहू?” नृत्यदिग्दर्शकाने त्याला मागच्या कोपऱ्यात, पडद्यालगत उभे केले. मुलांची तोंडे प्रेक्षकांकडे, पाठ तारप्याकडे. म्हातारा काही बोलला नाही. प्रयोग झाला, टाळ्याही पडल्या. जाताना तो एवढेच म्हणाला, “तारप्याला पाठ दाखवत नाहीत, सर.”

त्या वाक्याने मला बरेच वाचायला लावले. प्रस्तुत टिपण त्या वाचनातून आले आहे. लोककला रंगमंचावर आली की ती ‘भ्रष्ट’ होते, असा एक सोपा सूर आपल्याकडे नेहमी लागतो. रंगमंचामुळेच ती ‘टिकते’, असा दुसरा सूर तितकाच सोपा आहे. इतिहास या दोहोंपैकी कोणाच्याच बाजूने सरळ उभा राहत नाही.

प्रथम वाद्याविषयी. तारपा दुधी भोपळ्याचा करतात. वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्याच्या एका टोकातून फुंकायचे. दुसऱ्या टोकात बांबूच्या दोन नळ्या मेणाने बसवलेल्या असतात. त्यांत पत्त्या असतात, बोटांसाठी छिद्रे असतात आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे स्वर तुटत नाही. नाचणारे स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात. साखळीच्या टोकाशी असलेल्या म्होरक्याच्या हातात घुंगरांची काठी असते. वादकाने चाल बदलली की म्होरक्या पाऊल बदलतो आणि त्याच्यामागे सगळी साखळी. वादकाभोवती ती गुंडाळत जाते, उलगडत जाते. या रचनेला समोरची बाजू नाही, मागची नाही. तिला केंद्र आहे, आणि त्या केंद्राकडे पाठ करायची नाही हा तिचा नियम आहे. भात तयार होऊ लागले की तारपा काढायचा, नव्या धान्याच्या दिवसांत तो वाजवायचा. म्हणजे काळही ठरलेला आणि जागाही ठरलेली: अंगण किंवा खळे.

याउलट आपली नाट्यगृहे पाहा. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ साली उभे राहिले. पुढे कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर झाले, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. तिन्ही ठिकाणी मंचाला एकच उघडी बाजू आहे. नाटकासाठी ते योग्यच आहे. परंतु रिंगण या चौकटीत आणले की त्याला ‘समोर’ मिळते, आणि समोर मिळाले की पाठही मिळते. माझ्या दिग्दर्शकाचा दोष व्यक्तिगत नव्हता. चौकटीनेच त्याला तसे करायला लावले. चूक असेल तर ती माझी. वादकाच्या प्रश्नाचे उत्तर त्यालाच विचारावे, हे मला सुचले नाही.

हा पेच केवळ वारल्यांचा नाही. आयर्लंडचे उदाहरण येथे उपयोगी पडावे. आज ज्याला आपण ‘परंपरागत आयरिश’ सामूहिक नृत्यमेळा समजतो त्या ‘केली’चा पहिला जाहीर कार्यक्रम १८९७ साली झाला तो लंडनमध्ये, गेलिक लीगच्या तेथील शाखेच्या पुढाकाराने. घरापासून दुरावलेल्या मंडळींनी घरच्या नाचाला शहरी दिवाणखान्याचे रूप दिले. खुद्द आयर्लंडच्या खेड्यांतून घराघरांत, चौरस्त्यांवर नाच होत असत. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने जाहीर नाचाला परवाना लागू झाला आणि पाद्री व पोलीस यांनी तो कायदा घरगुती नाचांवरही चालवला. नाच खेड्याच्या स्वयंपाकघरातून निघाला आणि परवानाधारक सभागृहात गेला. पुढे १९५१ मध्ये ‘कोलतास’ ही वादकांची संघटना स्थापन झाली, मेळावे व स्पर्धा सुरू झाल्या. १९९४ मध्ये डब्लिनला युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ सात मिनिटे सादर झाला आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असलेली नर्तकांची सरळ रांग जगभर आयरिश नृत्याची ओळख ठरली.

परंतु त्याच आयर्लंडचे एक वर्तुळही टिकले आहे. पबमध्ये टेबलाभोवती वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात. भोवतीच्या गिऱ्हाइकांकडे त्यांची पाठ असली तरी चालते. याला ‘सेशन’ म्हणतात. गंमत अशी की हे वर्तुळही जुने नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला रस्ते खोदायला, इमारती बांधायला गेलेल्या आयरिश मजुरांनी तेथील पबांत ते रुजवले. कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवायचा त्यांचा ‘इलियन पाइप’ हा तारप्याप्रमाणेच पत्तीचा आणि न तुटणाऱ्या स्वराचा. २०१७ साली युनेस्कोने त्या वादनपरंपरेला आपल्या यादीत स्थान दिले.

अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगररांगांतही असेच घडले. सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलीस यांनी १९१६ ते १९१८ या काळात तेथे हिंडून सुमारे सोळाशे चाली टिपल्या. त्यांना हवी होती ती जुनी इंग्रजी गाणी. त्याच डोंगरांत वाजणाऱ्या काळ्या वादकांच्या संगीताकडे त्यांनी जवळजवळ लक्ष दिले नाही. १९२८ पासून अ‍ॅशव्हिल येथे बॅस्कम लामार लन्सफर्ड यांनी डोंगरी नृत्य-संगीताचा महोत्सव भरवला, तेव्हा ओसरीवरचे वादन मंचावर आले. संग्राहक काय निवडतो आणि मंच काय दाखवतो, यावर ‘परंपरा’ ठरत जाते, ही गोष्ट या दोन उदाहरणांत स्पष्ट दिसते.

आता ठाण्याकडे परत येऊ. १९४५ हे वर्ष वारल्यांच्या इतिहासात दोन अर्थांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी वेठबिगार व लग्नगडी या प्रथांविरुद्ध वारली उठले. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे, हा लग्नगडी. ज्या लग्नात चौक लिहिला जाई, त्याच लग्नातून गुलामी सुरू होई. गवतकापणीची मजुरी पाचशे पौंडांना अडीच रुपये मिळावी म्हणून संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आपण अभ्यासक्रमात आत्मकथनपर वाङ्मय म्हणून शिकवतो. तारप्याचा इतिहास शिकवायचा तर तेही पुस्तक हाताशी हवे. तलवाड्याची तारीख पुन्हा पाहा. ऑक्टोबर म्हणजे भात तयार होण्याचे, तारपा निघण्याचे दिवस. त्या खळ्यांपैकी बरीचशी सावकाराच्या जमिनीवर होती. कलेच्या निर्मळ आनंदाची जी चित्रे आपण रंगवतो, त्यांत हे येत नाही.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्राला आपली विविधता दाखवायची होती. १९५३ पासून प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीत लोकनृत्यांचा महोत्सव भरू लागला. ठरावीक मिनिटे, एकसारखे कपडे, पाहुण्यांकडे तोंड ही शिस्त तेथून राज्याराज्यांत आणि अखेर आमच्या महाविद्यालयांच्या महोत्सवांत उतरली. दुसरीकडे चित्राने नाचाला मागे टाकले. लग्नाचा चौक स्त्रिया लिहीत. डहाणूकडच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रकला कागद-कापडावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते निवर्तले. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन लाभले. आज ठाणे-डोंबिवलीतील सोसायटीच्या कमानीवर, साडीच्या काठावर तारप्याचे ते गुंडाळलेले रिंगण दिसते. ज्यांनी तारपा कधी ऐकला नाही त्यांनाही ते ओळखू येते. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर व्हायला मात्र २०२६ उजाडले. दरम्यान १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा नकाशावर ठाण्यापासून तुटले, आणि ‘आमच्या जिल्ह्याची कला’ म्हणण्याची ठाणेकरांची सोयही गेली.

येथे आयर्लंडची तुलना एका जागी अडते, आणि ती जागाच मला महत्त्वाची वाटते. तारपा आपल्या शहरात दोन वाटांनी येतो. एक वाट निमंत्रणाची: महोत्सव, उद्घाटन, मिरवणूक. दुसरी वाट पोटाची. भाताचे काम आटोपले, दिवाळी झाली की वारली, कातकरी कुटुंबे भिवंडी, कल्याण, ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर येतात. तारप्याचे दिवस सरतात तेव्हाच स्थलांतराचे सुरू होतात. लंडनच्या आयरिश मजुरालाही परक्या शहराने प्रेमाने वागवले नव्हते. पण आठवड्याची मजुरी त्याच्या हाती पडे, संध्याकाळ त्याची असे आणि बसायला पब होता. भट्टीवरचे कुटुंब आधीच घेतलेली उचल फेडत असते. भट्टीशेजारच्या झोपडीत राहायचे आणि पावसापूर्वी परतायचे. अशा मुक्कामात वर्तुळ धरायला ना मोकळा वेळ, ना आपली म्हणावी अशी जागा. लंडनमध्ये ‘सेशन’ जन्मले आणि कल्याणला तसे काही जन्मले नाही, त्याचे एक कारण मला येथे दिसते. ते कलेच्या गुणात शोधण्यात अर्थ नाही.

लोककला तिच्या मूळ ‘शुद्ध’ रूपात जपावी, हा आग्रह म्हणूनच मला पटत नाही. केली आणि सेशन दोन्ही शहरात घडली, तरी ती खोटी नाहीत. ती घडवणारे वादक-नर्तक स्वतः होते, एवढे पुरेसे आहे. आमच्या मंचावर बदल झाला तोही चालला असता, जर तो त्या वादकाने केला असता. बदल आम्ही केला, आणि त्याला कोपरा दिला.

त्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका अजून माझ्याकडे आहे. तीत सोळा विद्यार्थ्यांची नावे आहेत, दिग्दर्शकाचे आहे, प्रमुख पाहुण्यांचे आहे, माझेही आहे. वादकाच्या जागी ‘साथसंगत’ एवढाच शब्द छापला आहे. ज्याच्याभोवती सगळे फिरायचे, त्याला आम्ही साथीदार केले. पुढच्या वर्षी तोच वादक आला तेव्हा कार्यक्रम सभागृहात न ठेवता मैदानावर ठेवला. खुर्च्या चहूबाजूंनी मांडल्या आणि किती वेळ वाजवायचे ते त्याच्यावर सोपवले. तो पाऊण तास वाजवत होता. निम्मे प्रेक्षक उठून गेले. उरलेल्यांपैकी काही जण साखळीत शिरले. पत्रिकेत या वेळी त्याचे नाव सर्वांत वर होते. ते छापण्यापूर्वी कसे लिहायचे, हे आम्ही त्यालाच विचारले होते.