नोराथचे नाणे

लक्ष्मीपूजनाला आपण ताटात चांदीचा रुपया मांडतो. पण ज्याला ना धातू, ना छाप, ज्याचा खणखणाट कधी कानी पडायचा नाही, असेही नाणे एकेकाळी बाजारात रोख विकले गेले. त्याचीच ही हकीकत.

१९९९ साली अमेरिकेत ‘एव्हरक्वेस्ट’ नावाचा संगणकावरील खेळ निघाला. त्यातली काल्पनिक भूमी म्हणजे नोराथ. तेथे राक्षस मारावेत आणि प्लॅटिनमची नाणी साठवावीत, असा तो खेळ. ज्यांना तेवढी सवड नव्हती, ते ही नाणी ‘ईबे’च्या लिलावात खरे डॉलर मोजून घेऊ लागले. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली हिशेब मांडला, तेव्हा नोराथचे एक नाणे सुमारे एक सेंटाचे, म्हणजे जपानी येनहूनही महाग निघाले!

नफा दिसला की धंदा उभा राहतोच. २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि त्यातील सोने मिळवण्यासाठी चीनमध्ये कारखाने निघाले. तरुण पोरे बारा-बारा तासांच्या पाळीत तीच ती श्वापदे मारीत बसत. सोने जाई परदेशी हौशी खेळाडूंकडे, नफा राही मालकाकडे. खेळाच्या कंपनीने चोरटा व्यापार म्हणून खाते बंद केले, की साऱ्या रात्रींची कमाई क्षणात नाहीशी होई. २००७ साली ईबेने असल्या मालाची विक्री बंद केली. धंदा मात्र दुसऱ्या वाटांनी चालूच राहिला.

ते नाणे कोणी हातात घेऊन पाहिले नाही. पण त्यापायी जागलेल्या रात्री त्या पोरांच्या डोळ्यांना ठाऊक होत्या.