मन्नारच्या आखातातील प्रवाळभित्ती : खाणीपासून राखणीपर्यंत



‘मन्नारचे आखात सागरी राष्ट्रीय उद्यान केव्हा जाहीर झाले?’ असा प्रश्न परीक्षेत आला, तर ‘१९८६’ एवढे लिहून गुण मिळतात. पण त्या वर्षी आखातातील प्रवाळाची तोड थांबली का, असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ असे द्यावे लागते. ती थांबायला आणखी जवळपास वीस वर्षे लागली. त्या वीस वर्षांत काय घडले आणि कोणामुळे घडले, ते या टिपणात पाहू.

१. जागा कोणती, वस्तू कोणती?

तमिळनाडूच्या आग्नेय किनाऱ्यावर रामेश्वरमपासून तुतिकोरिनपर्यंत (आजचे तुतुकुडी) एकवीस लहान बेटांची माळ आहे. बेटांवर वस्ती नाही. त्यांच्याभोवती उथळ पाण्यात प्रवाळभित्ती आहेत. प्रवाळ हा प्राणी आहे. समुद्राच्या पाण्यातून तो कॅल्शियम कार्बोनेट घेतो आणि स्वतःभोवती कठीण सांगाडा तयार करतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे सांगाडे साचून भित्ती उभी राहते. गोलसर, भरीव जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माणसाच्या उंचीचा खडक तयार व्हायला दीडएकशे वर्षे जातात.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी या भित्तीकडे लाटारोधक बांध म्हणून पाहावे. खोल समुद्रातून आलेली लाट भित्तीवर फुटते, तिची बरीचशी ऊर्जा तिथेच खर्च होते आणि मागच्या बेटाची वाळू जागेवर राहते. फरक इतकाच, की हा बांध जिवंत असेतो आपली डागडुजी आपणच करतो.

२. प्रवाळ ‘दगड’ होता तेव्हा

हे आखात पूर्वीपासून मोत्यांसाठी आणि शंखांसाठी प्रसिद्ध. मोत्यांच्या शिंपल्यांवर राजसत्तेचे, पुढे इंग्रज सरकारचे बारीक लक्ष असे. शिंपले केव्हा काढायचे आणि किती दिवस, हे सरकार ठरवी. ज्या भित्तींच्या परिसरात ही संपत्ती वाढत होती, त्यांना मात्र असा पहारा नव्हता. त्यांची गणना दगडात होत होती.

आणि दगड म्हणून तो फार उपयोगी होता. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे जवळपास शुद्ध चुनखडीच. भट्टीत सुमारे नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना हाती येतो. त्यावर घरे बांधली गेली. पुढे तुतिकोरिन परिसरात कॅल्शियम कार्बाइडच्या कारखानदारीसाठीही हाच कच्चा माल वापरला गेला. होड्या घेऊन भित्तीवर जायचे, पहारीने खडक फोडायचा, होडी भरून किनाऱ्यावर आणायची, असा हा धंदा होता. दर वर्षी हजारो टन माल निघे. तोडणारे बहुतेक गरीब मच्छीमार होते. मासळी कमी मिळे, त्या दिवसांत हीच मजुरी घर चालवी.

याच काळातील एक घटना लक्षात ठेवा. जानेवारी १९६९ मध्ये याच किनाऱ्यावरील मंडपम येथे प्रवाळ आणि प्रवाळभित्ती या विषयावर शास्त्रज्ञांची परिषद भरली. जगभरच्या प्रवाळ-अभ्यासकांच्या परिषदांच्या मालिकेत ती पहिली मानली जाते. आखातात तोड मात्र चालू होती. ज्ञान होते, पण ते पहारीपर्यंत पोहोचलेले नव्हते.

३. कायदा आला, तोड चालूच राहिली

१९८६ मध्ये तमिळनाडू सरकारने एकवीस बेटे आणि भोवतालचा समुद्र मिळून ५६० चौरस किलोमीटरचे सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर केले. १९८९ मध्ये त्याहून कितीतरी मोठे, १०,५०० चौरस किलोमीटरचे जीवावरण राखीव क्षेत्र झाले. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच आता प्रवाळाला मिळाले.

कागदावर एवढे झाले तरी भट्टीला चुना हवा होता आणि मजुराला संध्याकाळची चूल पेटवायची होती. पसरलेला समुद्र आणि वनखात्याच्या मोजक्या गस्ती नौका, हे गणित जुळणारे नव्हते. परिणाम नकाशावर दिसला. भित्ती फोडल्यामुळे बेटांचा आडोसा गेला, वाळू वाहून जाऊ लागली आणि पूवरसनपट्टी व विलंगुचल्ली ही दोन बेटे पाण्याखाली गेली. आज आपण ‘एकवीस बेटे’ म्हणतो, त्यांत ही बुडालेली दोन बेटेही मोजलेली असतात.

४. गावे सहभागी झाली तेव्हा

२००० नंतर कामाची पद्धत बदलली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या मदतीने राज्य सरकारने एक विश्वस्त संस्था उभारली आणि किनाऱ्यावरच्या गावांत पर्यावरण विकास समित्या स्थापन झाल्या. बचत गटांना छोटी कर्जे मिळाली, गावातल्याच तरुणांना राखणीच्या कामावर घेतले गेले. बंदीच्या जोडीला पर्यायी कमाई आली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या किनाऱ्याची हानी तुलनेने कमी झाली. त्यात श्रीलंकेच्या आडोशाचाही वाटा होता, पण बेटे आणि भित्ती कशासाठी असतात, हे गावकऱ्यांना वेगळे सांगावे लागले नाही. २००५ च्या सुमारास तोड थांबली.

५. बंदीची दुसरी बाजू

आता एक अवघड भाग पाहा. पांबन बेटावरील चिन्नपालमसारख्या गावांतल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या या बेटांभोवती बुडी मारून समुद्रशेवाळ काढत आल्या. त्यापासून अगार आणि अल्जिनेट बनते. उद्यानाची बंदी कडक झाली, तेव्हा आई-आजी जे काम करत होत्या, त्याच कामासाठी त्या गुन्हेगार ठरू लागल्या. त्यांनी संघटना केली आणि स्वतःवरच नियम घालून घेतले. शेवाळ महिन्यातून बाराच दिवस काढायचे आणि प्रवाळाला इजा करायची नाही. त्यांच्या नेत्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ चा ‘सीकॉलॉजी’ पुरस्कार मिळाला. तरीही बेटांवर जाण्याचा त्यांचा हक्क आणि उद्यानाची हद्द यांतला वाद कायद्याने पुरता मिटवलेला नाही. दोन्ही बाजूंना प्रवाळ हवाच आहे. वाद आहे तो राखण कोणाच्या शब्दाने चालावी, याचा.

६. स्थानिक प्रयत्नांची मर्यादा

२००२ पासून तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ प्रवाळाचे जिवंत तुकडे काँक्रीटच्या आधारांवर बांधून नव्याने लावत आहेत. वान बेट झिजत झिजत दोन हेक्टरच्या आसपास उरले, तेव्हा २०१५ नंतर त्याच्या समुद्राकडील बाजूला सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे बसवले गेले. एकेकाळी फुकट मिळणाऱ्या लाटारोधकाची ही किंमत आहे.

पण पाणी तापले की गस्त कामाला येत नाही. २०१६ च्या विरंजनात, म्हणजे उष्णतेने प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटनेत, आखातातील जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांच्या आसपास आले. पहार गावाने थांबवली. तापमान थांबवणे एका गावाच्या हातात नाही. मात्र ज्या भित्तीवर तोड, सांडपाणी आणि जाळी यांचा मारा कमी असतो, ती अशा धक्क्यानंतर सावरण्याची शक्यता जास्त असते. म्हणून स्थानिक राखण पुरेशी नसली, तरी तिच्यावाचून बाकीचे उपाय टिकत नाहीत.

इतिहास वाचताना ‘कायदा झाला’ या वाक्याशी थांबू नका. त्या दिवशी संध्याकाळी चूल कशावर पेटली, हेही विचारा.

विचारासाठी प्रश्न

१. १९८६ ते २००५ या काळात बंदी असूनही तोड का चालू राहिली? आर्थिक आणि प्रशासकीय कारणे वेगवेगळी मांडा.

२. शेवाळ काढणाऱ्या स्त्रियांनी स्वतः घातलेले नियम आणि सरकारी बंदी यांची तुलना करा. प्रवाळासाठी अधिक टिकाऊ काय ठरेल, असे तुम्हाला वाटते?

३. तुमच्या जिल्ह्यातील नदी, तळे, डोंगर किंवा किनारा घ्या. त्याच्या संरक्षणाचा सरकारी आदेश कोणत्या वर्षी निघाला आणि प्रत्यक्ष राखण केव्हा सुरू झाली, हे शोधून दोन पाने लिहा.